पुष्पावतीबाईंचे सात वार

भागूबाईला अक्षरओळख झाली ती वयाच्या तिशीत, दोन लेकरं झाल्यावर. शिकवलं पुष्पावतीबाईंनी. सोनईजवळच्या त्या वस्तीवर मिशनच्या या बायबलबाई चाळीस वर्षांपूर्वी आल्या, आणि घरोघर बायकांना वाचायला अन् प्रार्थना करायला शिकवता शिकवता तिथंच म्हाताऱ्या झाल्या. मागंपुढं कुणी नाही. म्हणून तिथल्या ख्रिस्ती मंडळीतल्या सात घरांनी त्यांच्या जेवणाचे सात वार वाटून घेतले होते. मंगळवार भागूबाईचा. बाईंनी ना कधी रेशनकार्ड काढलं, ना कधी नीट चूल मांडली. गरजच पडली नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. ज्वारी संपली आणि रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, आला. भाकरी थापावी तर तव्यावर जायच्या आधीच तुकडे. लोक म्हणत, हे तर गुरांचं खाणं. आता हे बाईंच्या ताटात वाढायचं? एका मंगळवारी भागूबाईने पुष्पावतीबाईंना लांबून येताना पाहिलं आणि चक्क दार लावून घेतलं. उद्या बुधवार, मालनबाईचा वार; तिच्याकडे ज्वारी असेल, तिथं जेवतील, अशी तिने मनाची समजूत घातली. भली माणसं अशीच असतात! मान राखायच्या नादात माणूस उपाशी मारतील.

शुक्रवारी राहवलं नाही म्हणून ती बाईंच्या खोलीवर गेली. पुष्पावतीबाई चिंचेचा कोवळा पाला मीठ लावून चघळत बसल्या होत्या. भागूबाईने त्यांच्या हातातला पाला काढून घेतला.

"बाई, कवापासनं?"

"ते राहू दे. भागू, मला शब्द दे. हे कुणाला सांगायचं नाही. माझ्यामुळं एकाही घराची मान खाली जायला नको."

रडत रडत तिने शब्द दिला, आणि तिथंच ती अडकली. दुसऱ्या दिवशी पदराखाली मिलोची भाकरी घेऊन गेली, तर बाईंनी हात लावला नाही. "आज शनिवार, रंगनाथचा वार. त्याचा वार मोडून तुझं खाल्लं तर त्याचा अपमान होईल. तुझं मंगळवारी खाईन." म्हातारीचा हट्ट! मंगळवारी मात्र तसलीच भाकरी त्यांनी आवडीनं खाल्ली, सांडलेला चुरासुद्धा वेचून खाल्ला.

दोन आठवडे असेच गेले. भागूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची. शेजारी मालनबाई असायची.

"माझ्याकडं न्हाई जमलं बाई औंदा," मालनबाई म्हणायची. "पर दुसरीकडं जेवत असतील की. एवढी घरं हायेत."

भागूबाई दगडावर हातोडा घालायची. तोंड उघडावं तर शब्द मोडतो, मिटून धरावं तर बाई मरतात. स्वतःच्या घरात घास गिळेना. इतकी कोंडी तिची नवरा गेला तेव्हासुद्धा झाली नव्हती.

तिसऱ्या रविवारी प्रार्थनामंदिरात पुष्पावतीबाई शास्त्रवाचनाला उठल्या आणि बाकाला धरून परत खाली बसल्या. लोक म्हणाले, ऊन बाधलं. भागूबाई ताडकन उभी राहिली. बाईंची नजर तिच्यावर रोखलेली होती. तिने त्या नजरेकडे पाहिलंच नाही.

"मला माझं पाप सांगायचंय," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाचं न्हाई. मंगळवार माझा. बाई येताना दिसल्या अन् म्या दार लावून घेतलं. मिलोची लाज वाटली. बाईंला उपाशी माघारी लावलं."

मग मालनबाई उठली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बुधवार माझा. म्या बी."

रंगनाथ उठला, "शनवार." मागून सोमवार, गुरुवार, शुक्रवार. जो तो दुसऱ्याच्या भरवशावर राहिला होता, हे आता एकमेकांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. सहा घरं उभी राहिली. उरला रविवार. रविवार पाळकसाहेबांचा, आणि ते तर उपासना चालवायला सगळ्यांसमोर आधीपासूनच उभे होते. त्यांनी चष्मा काढला.

तेव्हा पुष्पावतीबाई भागूबाईच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या.

"पाळकसाहेब," त्या म्हणाल्या, "आज रविवार. मी तुमच्याकडं जेवायला येते. मिलोच करा."