डाव्या स्पीकरची जागा

जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकरच घ्यायचे, हे मी दुकानात पाय ठेवण्याआधीच ठरवलं होतं. नंतर सगळ्यांना सांगितलं की ऐकून, तुलना करून निवडले. ते खरं नव्हतं.

धरमपेठेतल्या त्या दुकानात मी चार शनिवार गेलो. दुकानदार सज्जन होता. एकच तबल्याची रेकॉर्ड तो आधी स्टँडवरच्या छोट्या जोडीवर लावायचा, मग उंच जोडीवर. छोट्यांवर डग्गा नीट ऐकू यायचा. उंच जोडीवर तो छातीत जाणवायचा. शेवटी तो मोजायचा टेप घेऊन घरी आला, हॉल मोजला आणि म्हणाला, "सर, छोटेच घ्या. उंच जोडीला मागे, बाजूला मोकळी जागा लागते. भिंतीला टेकवले की नुसता घुमारा होतो, गाणं हरवतं."

"पण जागा केली तर?"

त्याने डावा स्पीकर कुठे यायला हवा ते बोटाने दाखवलं आणि तो अवघडला. तिथे खिडकीला लागून दिवाण होता आणि दिवाणावर माझे बाबा बसले होते.

"बाबा कुठे बसतील?"

"त्यांची सोय करतो मी," मी म्हणालो. बाबांच्या समोरच.

बाबा टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. आई गेल्यावर जरीपटक्याकडचं घर सोडून ते आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. त्या खिडकीतून फाटक दिसायचं. रविवारी सकाळी जुन्या वस्तीतले, खात्यातले लोक यायचे, फाटकातूनच "जयभीम, दादा!" अशी हाक यायची आणि बेल वाजायच्या आत बाबा दार उघडून उभे असायचे. मग दिवाणावर तिघं-चौघं दाटीवाटीने बसून पेन्शन, गुडघे, कोणाच्या नातीचं लग्न, असं दुपारपर्यंत चालायचं.

स्पीकर घरी आले आणि दिवाण मागच्या खोलीत हलवला त्या दिवशी मी बाबांना विचारलं, "चालेल ना तुम्हाला?"

"मले काय गा, कुठंबी पडतो," ते म्हणाले. मग त्या दोन काळ्या खांबांकडे बघून, "हे पाहुणे किती दिवस राहून राहिले पन?"

मी हसलो. बायको हसली नाही. ती संध्याकाळी एवढंच म्हणाली, "त्यांच्याकडे येणारे लोक आता कुठून जाणार? स्वयंपाकघरातून?"

मला ते माहीत होतं. इथे खरं लिहायचं तर पूर्ण लिहायला हवं. मला डग्गा हवा होता, हे खरं. पण माझ्या हॉलमध्ये दर रविवारी ते लोक नको होते, हेही खरं. त्यांनी दारात सोडलेल्या चपलांची रास, तंबाखूचा वास, माझ्या ऑफिसचा कोणी आला की त्याच्याशीही मोठ्याने जयभीम करणं. ज्या माणसांनी माझ्या दहावीच्या निकालाला पेढे वाटले होते, त्यांची मला लाज वाटत होती. तोंडाने हे मी कधीच बोललो नसतो. स्पीकरला जागा लागते, हे बोलायला सोपं होतं.

लोक दोन-तीनदा आले. स्वयंपाकघरातून अंग चोरून मागे गेले, लवकर उठले. मग कमी झाले.

एका रविवारी मी दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधोमध खुर्ची टाकून, आवाज चढवून ऐकत बसलो होतो. बायको बाहेर गेली होती, बाबा मागच्या खोलीत होते. दुपारी रेकॉर्ड संपली तेव्हा बाबांचा फोन वाजला. पलीकडे त्यांच्यासोबत तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलेला त्यांचा मित्र होता. बाबा कानाने अधू झालेल्या माणसासाठी बोलतात तसं मोठ्याने बोलत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आला होता? केव्हा गा?... तीनदा बेल मारली? ... नाही, नाही, पोरगाबी नव्हता घरी. आमी सारे बाहेर गेलो होतो. गाणं? शेजारच्याचं असंन."

मी खुर्चीतून उठलो नाही. बाबांनी फोन ठेवला आणि ते माझ्यापाशी आलेसुद्धा नाहीत.

त्या आठवड्यात मी स्पीकर माझ्या झोपायच्या खोलीत नेले. तिथे ते भिंतीला टेकून उभे आहेत आणि फक्त घुमतात. दिवाण पुन्हा खिडकीशी आणला. बाबांनी त्यावर चादर घातली, रात्री झोपू लागले. पण रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघतात. जरीपटक्यात एका चहावाल्याच्या बाकावर सगळे जमतात आता. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर आहे, उजवा गुडघा वाकत नाही, ऑटोत चढताना त्यांना दांडा दोन्ही हातांनी धरावा लागतो.

"त्यांना इथेच बोलवा ना, बाबा," मी म्हणालो. "आता जागा आहे."

"तिथं बरं आहे."

"मग मी गाडीने सोडतो. दर रविवारी सोडत जाईन."

बाबा दारात चप्पल घालत होते. एक हात भिंतीवर, दुसऱ्याने पट्टा ओढत.

"नको गा," ते म्हणाले. "तू आला तर ते तुले विचारतीन, आमी काहून येत नाही आता म्हनून. काय सांगशीन?"

बाहेर ऑटोवाला हॉर्न देत होता. मी वाकून त्यांच्या चपलेचा पट्टा लावून दिला. ते पाय मागे न घेता थांबले, लावून झाल्यावर "हं" म्हणाले आणि गेले.