पाचवी जागा रिकामी ठेवा

मी या ग्रुपवर एरवी फक्त गेमबद्दल लिहिते. नव्याने टोळी घेऊन निघालेल्यांचे प्रश्न ठरलेले असतात... पहिल्याच गुहेत सगळे मरतात, जखमा बऱ्या करणारी हीलर सगळ्यात आधी पडते, औषधं अर्ध्या वाटेत संपतात. म्हणून मी नवशिक्यांसाठी टिपा लिहून ठेवल्या आहेत. बाकीच्या टिपांबद्दल कुणाची तक्रार नाही, भांडण होतं ते एकाच टिपेवरून. गेममध्ये पाच जणांची टोळी करता येते. मी लिहिलंय — चारच घ्या, पाचवी जागा रिकामी ठेवा. यावर लोक हसतात. "ताई, एक माणूस कमी म्हणजे गेम उगाच कठीण," असं एकाने मला नीट समजावूनही सांगितलं. त्याचं म्हणणं बरोबर आहे. तरी ती टीप मी काढणार नाही. का नाही, ते आज एकदाच लिहिते, म्हणजे परत कुणी विचारायला नको.

आधी एक सांगून ठेवते. मी भूतखेत मानणारी बाई नाही. माझ्या माहेरी आणि सासरीही बावीस प्रतिज्ञा लहान पोरांनासुद्धा पाठ असतात. घरात ना लिंबू-मिरची, ना उतारा. मी स्वतः ब्रह्मपुरीला एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. दिवसभर विद्यार्थ्यांना "डोळ्यांनी पाहा, मग लिहा" हेच सांगत असते. तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं लिहितेय, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

आमचं गाव नागभीडच्या पुढे, जंगलाला अगदी लागून. नवरा राजुऱ्याकडे कोळसा खाणीत नोकरीला, तो सुट्टीला येतो. घरी मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आईंचा पाय मोडला आणि त्या खाटेवर पडून राहिल्या. शेतात राबलेली बाई, तिला पडून राहणं म्हणजे शिक्षाच. माझ्या लॅपटॉपवर मी गेम खेळायची, त्या बाजूने बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "मले दे बरं."

मी म्हटलं दोन दिवसांत कंटाळतील. कशाचं काय. आईंनी हीलरलाच पुढे धाडलं.

"आई, तिला मागे ठेवा, ती मार खाऊ शकत नाही."

"मांगं ठेवून ठेवून कशी शिकन ते?"

हीलर मेली. मी म्हटलं जाऊ द्या, पुढे चला, गावात गेलं की ती परत उठते. आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच तिला मारलं. "पडलेल्या माणसाले टाकून पुढं जाऊ? वा बाप्पा. चाल, पह्यलेपासून कर." आणि खरंच, त्या दर वेळी पहिल्यापासून सुरू करायच्या. लांडग्यांच्या त्या एका खिंडीत तर आम्ही इतक्यांदा मेलो की लांडगेच ओळखीचे झाले. पण कुणाला मागे टाकून त्या कधी पुढे गेल्या नाहीत. हळूहळू त्यांनी माझ्या टिपा पाठ केल्या. टोळी फुटू देऊ नका. प्रत्येक पावलाला आपली माणसं मोजा. औषधं एकाजवळ ठेवू नका, सगळ्यांत वाटा. चुकलात तर धावू नका, आहे तिथेच थांबा. शेजारच्या सुगंधाबाई आल्या की आई त्यांनाही ऐकवायच्या. सुगंधाबाई म्हणायच्या, "व माय, हे तं मोह वेचाचेच कायदे होय."

खरंच तेच होतं. मोह वेचायला आमच्याकडे कुणी एकटं जात नाही. फुलं पहाटे पडतात, उजाडलं की वेचायला जायचं. आणि वाघाच्या फिरण्याची वेळही तीच. प्रत्येक घराची आपापली झाडं ठरलेली, त्यामुळे जंगलात पोचलं की माणसं पांगतात. म्हणून हाळी. एक जण थोड्या थोड्या वेळाने "हूऽऽ" करतो आणि बाकीच्यांनी आपापल्या झाडाखालून ओ द्यायची. नाव घ्यायचं नाही. ज्याची त्याची ओ देण्याची रीत वेगळी, त्यावरून कोण कुठे ते कळतं. सुगंधाबाईंची ओ बारीक आणि लांब. मी सरळ "हो" म्हणते. आईंची दोन तुकड्यांची, "हू-हू", आणि दुसरा "हू" थोडा खाली पडलेला. अख्ख्या गावात तशी ओ दुसऱ्या कुणाची नाही.

पाय बरा झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात आईंनी मोहाला यायचा हट्टच धरला. मी नको नको म्हणत होते, पण ऐकतील तर त्या आई कसल्या. आम्ही चौघं निघालो — मी, आई, सुगंधाबाई आणि त्यांचा नवरा दिनूभाऊ. हाळी द्यायचं काम दिनूभाऊंचं. निघताना आईंनी प्रत्येकाच्या हातात खडीसाखरेची पुडी दिली. मी हसले. त्या म्हणाल्या, "काऊन हासतं? तूच तं सांगतलं, औषध वाटून ठेवाव म्हणून." आईंना शुगर आहे, त्यामुळे साखर सोबत लागतेच. पण सकाळची गोळी घेऊन त्या न खाता निघाल्या होत्या, शिदोरी तिथेच खाऊ म्हणून. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वाटेत वाघोबाच्या दगडापाशी सुगंधाबाईंनी डहाळी टाकली, हात जोडले. आम्ही दोघी नेहमीसारख्या बाजूला उभ्या राहिलो.

आमचं झाड नाल्याच्या पलीकडे. त्या वर्षी मी अलीकडच्या झाडाखाली वेचायचं आणि आईंनी पलीकडे जायचं, असं ठरलं. म्हणजे त्यांनीच ठरवलं. दिनूभाऊंची हाळी यायची, ओ परत जायच्या. सुगंधाबाई, मी, मग नाल्यापलीकडून "हू-हू". सगळं ठीक चाललं होतं. ऊन वर आलं, टोपल्या भरल्या, आम्ही तिघं ठरलेल्या जागी जमलो. आई आल्या नाहीत.

दिनूभाऊंनी हाळी दिली. "हू-हू", ओ आली. म्हटलं येत असतील. थोडं थांबलो. परत हाळी, परत ओ. आवाज तिथेच, तेवढ्याच अंतरावर. माणूस चालत असलं तर आवाज जवळ येतो ना? हा येत नव्हता. आणि तेवढ्यात नाल्याच्या पलीकडे वानरं खेकसायला लागली. जंगलात राहणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही, वाघ जवळ आहे.

सुगंधाबाईंनी माझा हात धरला. "पल्लवी, चाल. गावातून माणसं घेऊन येऊ. आपुन तिघं जाऊन का करणार?"

"आणि तोवर?"

"ते ओ देऊन राह्यली ना. जितं आहे ते."

"जिवंत आहेत म्हणूनच जायचं," मी म्हटलं. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण मला त्या क्षणी आई दिसत होत्या, लॅपटॉपसमोर, मेलेल्या हीलरसाठी पुन्हा पहिल्यापासून खेळणाऱ्या. "तुम्ही जा सुगंधाबाई. मी आईंना घेतल्याशिवाय इथून हलणार नाही."

दिनूभाऊ फार बोलणारा माणूस नाही. त्याने काठी उचलली आणि बायकोला म्हणाला, "एकटीले नाई जाऊ देता येत. तू माह्या मांगं राय." सुगंधाबाई शिव्या देत देत आल्या, पण आल्या. टोपलीतला जेवणाचा डबा घेऊन तो दगडाने बडवत, ओरडत, एकमेकांना चिकटून आम्ही नाला उतरलो.

मला वाटलं सरळ आमच्या झाडाकडे जायचं. पण हाळी दिली तर ओ झाडाकडून आली नाही. उजवीकडून आली, जिथे नाला वळतो तिकडून. तिकडे मोह नाही, आई तिकडे जायला काही कारणच नव्हतं. मी दिनूभाऊंकडे पाहिलं. तो म्हणाला, "आवाजाच्या मांगं चाल." मग हाळी द्यायची, ओ ऐकायची, तेवढं चालायचं, परत हाळी द्यायची. ओ दर वेळी हळू पण स्पष्ट, आईंचीच, तो दुसरा "हू" खाली पडलेला. शेवटी एका करवंदाच्या जाळीपाशी मी स्वतः हाळी दिली आणि ओ जाळीच्या पलीकडून, अगदी हातभरावरून आली. मी फांद्या बाजूला केल्या.

आई एका कुशीवर पडल्या होत्या. अंग घामाने थंडगार, दातखीळ बसलेली, डोळे अर्धवट उघडे पण नजर नाही. मी हलवलं, थापट्या मारल्या. हूं नाही की चूं नाही. आत्ता, याच क्षणी ज्यांनी मला ओ दिली होती, त्या आई बोलूच शकत नव्हत्या. मी त्यांच्या खांद्याला हात लावल्यावर जाळीच्या अलीकडून दिनूभाऊंनी पुन्हा हाळी दिली, आई सापडल्या का ते कळावं म्हणून. ओ आली नाही. मीच शेवटी ओरडून सांगितलं, सापडल्या म्हणून.

तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. कुशीवर तसंच ठेवून मी खडीसाखर चुरून बोटाने त्यांच्या गालाच्या आतून चोळत राहिले. त्यांची स्वतःची पुडी टोपलीत होती, आणि टोपली कुठे पडली होती कोण जाणे. माझी पुडी माझ्या ओच्यात होती म्हणून. संपली तेव्हा सुगंधाबाईंनी आपली पुढे केली. त्या रडत होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी जातो म्हणली व, मी जातो म्हणली." हळूहळू आईंची बोटं हलली. दिनूभाऊंनी त्यांना पाठीवर घेतलं आणि आम्ही गावापर्यंत डबा बडवत आलो. त्यांची टोपली दुपारी गावातल्या माणसांना आमच्या झाडाखाली सापडली, फुलं सांडलेली, आणि रेतीत वाघाचे ताजे पंजे. आवाज सोडून आम्ही सरळ झाडाकडे गेलो असतो, तर थेट वाघावरच गेलो असतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, शुद्ध जाऊन किती वेळ झाला? मी म्हटलं, आत्ता आत्तापर्यंत ओ देत होत्या. ते म्हणाले शक्य नाही, शुगर एवढी खाली गेलेली असताना माणूस अशी हाकेला ओ देत नाही, बराच वेळ बेशुद्ध असाव्यात. मी वाद घातला.

पुढे मी माझ्या परीने शोध घेतला. कण्हल्या असतील? दातखीळ बसलेली असताना? कोतवाल पक्षी नक्कल करतो म्हणतात. करत असेल, पण तो आम्ही हाळी दिली की मगच ओ देईल, आमच्यापुढे वाट दाखवत थांबेल, आणि माणूस सापडलं की बंद होईल? प्रतिध्वनी म्हणावा तर हाळी दिनूभाऊंची आणि ओ आईंची. आम्हाला तिघांनाही एकदम भास झाला असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. पण मी तरी तसं म्हणू शकत नाही.

आईंना मी मुद्दाम आधी काही सांगितलं नाही. बऱ्या झाल्यावर एवढंच विचारलं, तुम्हाला काय आठवतं?

"झाडाखाली अंगात थरथर सुटली. मंग वाट चुकली वाटते. तू सांगतलं होतं ना, चुकलं तं थांबाचं. मी बसून गेली." मग म्हणाल्या, "बाजूले कोणतरी बसून होतं. बाई का माणूस, नाई सांगता येत. तुमची हाळी आली का ते ओ दे. मले वाटे, आवाज तं माहाच आहे, पण मी तं बोलून नाई राह्यली."

 मी म्हटलं, "घाबरल्या नाहीत?"

"काऊन घाबरू? देव नाई होय ते, ना भूत. सोबती होय." गेममध्ये टोळीतल्या माणसांना आम्ही हाच शब्द वापरतो. मग त्यांना एकच गोष्ट लागून राहिली. "चौघाईचीच शिदोरी नेली होती आपुन. त्याले कोणी घास नाई देल्ला."

तब्येत सुधारल्यावर त्यांनी पुन्हा गेम उघडला आणि पहिलं काम काय केलं असेल तर टोळीतल्या पाचव्याला, चांगल्या तयार झालेल्या जादूगाराला, गावात घरी पाठवलं. मी म्हटलं, आई, लांडग्यांची खिंड आहे पुढे. म्हणाल्या, "राहू दे. जागा पाहिजे." त्या खिंडीत आम्ही पुन्हा पुन्हा मेलो आणि शेवटी चौघांनीच ती पार केली.

यंदाही आम्ही मोहाला गेलो. सुगंधाबाई आधी नको म्हणाल्या, मग सगळ्यांच्या पुढे चालत होत्या. आईंना मी समोर बसून खायला लावलं आणि मगच निघू दिलं. शिदोऱ्या पाच. आमच्या त्याच झाडाखाली आईंनी पाचवी भाकरी पळसाच्या पानावर ठेवली, हात जोडले नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "जेवून घे." मग दिनूभाऊंनी हाळी दिली आणि मी श्वास रोखून मोजायला लागले. सुगंधाबाई, मी, आई. तेवढ्याच ओ आल्या. मला हायसं वाटलं. आई मात्र बराच वेळ कान देऊन उभ्या होत्या.

तेव्हा नवशिक्यांनो, सेव्ह करा, हीलरला मागे ठेवा, औषधं वाटून घ्या, आणि पाचवी जागा रिकामी ठेवा. तिथे कोण येतं ते मला माहीत नाही.