चहा थुंकण्याचं शिक्षण

जव्हार संस्थान विलीन झालं तेव्हा मी तिथल्या शाळेत शिकत होतो. राजाची कचेरी सरकारची झाली; खुर्च्या त्याच, कारकून तेच, शिक्का तेवढा नवा आला. पुढं काही वर्षांनी एक साहेब बदलून आले. त्यांनी कुठल्याशा अहवालात वाचलं होतं की चहाला डोंगर लागतो, उतार लागतो आणि पाऊस लागतो. आमच्याकडे या तिन्हींशिवाय दुसरं काही नव्हतंच. साहेबांनी जव्हारजवळच्या शिरपामाळावर उभं राहून चहूकडे हात फिरवला आणि मनातल्या मनात चहाचे मळे लावून टाकले. राहिला तो चहा जाणणारा माणूस. आमच्या भागात विज्ञान घेऊन इंटर झालेला मोजून एक मुलगा होता, तो मी. मला शिष्यवृत्ती मिळाली आणि बंगालमधल्या एका विद्यापीठात अन्न-अभियांत्रिकी आणि चहातंत्र शिकायला माझी रवानगी झाली. अट एकच होती: एका जरी विषयात नापास झालो की शिष्यवृत्ती बंद, आणि मी माझ्या गावी, पोशेऱ्याला परत, नांगराच्या मागं.

"पानी उकळायचं नि पावडर टाकायची," वडील म्हणाले. "त्यात शिकायचं काय रं?"

मी त्यांना पान सुकवणं, मळणं, आंबवणं, वाळवणं असं सगळं ऐटीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग साखर कवा घालायची?"

या प्रश्नाचं उत्तर मला चार वर्षांत कुणी दिलं नाही. आम्ही वाळवणयंत्रातल्या गरम हवेचा वेग काढायचो, पानातलं पाणी किती मिनिटांत किती उडतं त्याची समीकरणं मांडायचो. चार प्राध्यापक नुसते चहावर होते. खाणावळीतला चहा मात्र सकाळी चुलीवर चढायचा तो संध्याकाळपर्यंत उतरायचा नाही. त्याबद्दल एकाही प्राध्यापकाला काही म्हणायचं नव्हतं, कारण तो विषय अभ्यासक्रमात नव्हता.

माझं घोडं अडलं ते चव-परीक्षेत. लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग असायची. चमचाभर चहा घ्यायचा, मोठ्यानं भुरका मारायचा, जिभेवर घोळवायचा आणि शेजारच्या उंच पितळी पिकदाणीत थुंकायचा. भुरक्यात मी पहिला आलो. शहरातली पोरं लाजत होती. माझा भुरका शेजारच्या वर्गात ऐकू गेला. पण मला थुंकता येईना.

आमच्या घरी आषाढ-श्रावणात नागलीची कणगी तळाला जायची. मग आई डोंगरातले कडू कंद आणायची, चकत्या करून ओढ्याच्या पाण्यात ठेवायची आणि उकडून वाढायची. तरी थोडा कडूपणा राहायचाच. "तोंडात घेतलं ते पोटाचं," आई म्हणायची. एकदा लहानपणी मी घास थुंकला, तर तिनं तो उचलला, धुतला आणि स्वतः खाल्ला. असं तोंड घेऊन मी बंगालात गेलो होतो.

त्यामुळे मी गिळत राहिलो. एका तासाला तीस-तीस कप. दहाव्या कपानंतर सगळे चहा सारखेच लागायचे आणि विसाव्यानंतर चमचा कपावर वाजायला लागायचा. चव-परीक्षेचे प्राध्यापक एकदा भडकून म्हणाले, "तुम्ही चव घेत नाही, तुम्ही चहा पिता!" चहाच्या विभागात याहून मोठा गुन्हा नव्हता. दोन चाचण्यांत मी नापास झालो. वार्षिक परीक्षेतही असंच झालं तर परतीच्या गाडीत बसवू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग मी नळावर थुंकायचा सराव सुरू केला. आधी पाणी, मग मिठाचं पाणी, मग भाताची पेज, शेवटी चहा. पेज थुंकली त्या दिवशी मी जेवलो नाही. सोबत्यांना वाटलं, माझी दाढ दुखतेय. महिनाभरात तोंड तयार झालं. परीक्षेत चोवीस कप, चोवीस पिचकाऱ्या, एकही थेंब पिकदाणीबाहेर नाही. परीक्षकांनी मान डोलावली आणि मी पहिल्या वर्गात पास झालो.

पदवी घेऊन परत आलो तोवर साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांचा जीव काजूवर होता. चहाचा कागद कुठं गेला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पोशेऱ्याला मात्र माझं कौतुक होतं. आईनं मोखाड्याच्या बाजारातून मुद्दाम चहाची पुडी आणली होती, कुणाकडून तरी दूध मिळवलं होतं. शेजारी ओट्यावर जमले. पहिला कप मला. मी प्रवासानं दमलेलो. तोंडानं शिकलेलं काम केलं. भुरका मारला, घोळवला आणि अंगणात थुंकलो.

आईनं विचारलं, "वाईट हाय का रं?" तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

"शिकलेला हाय, त्याला कळतं," एक शेजारी म्हणाला, आणि एकेकानं कप खाली ठेवला.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण मग थुंकलो का, हेही सांगावं लागलं असतं, आणि तेही आईसमोर. मी म्हणालो, "पावडर जुनी आहे." आईनं भरलं पातेलं परसात ओतलं.

पुढच्या बाजाराला ती उरलेली पुडी आणि मला घेऊन दुकानदारासमोर उभी राहिली. हा म्हातारा लहानपणी मला गुळाचा खडा दिल्याशिवाय सोडायचा नाही. "माझा लेक चहाच शिकून आलाय," आई भर बाजारात म्हणाली. "त्यानं थुंकला. तू लोकांना पाजतोस काय?"

म्हातारा तिच्याशी भांडला नाही. त्यानं पुडी माझ्यापुढं धरली. "बाळा, तू सांग. खराब हाय?"

मी चिमूट चोळून हुंगली. ताजा, खमंग वास होता. लोक माझ्याकडे बघत होते आणि आई लोकांकडे बघत होती.

"आर्द्रता जास्त आहे," मी म्हणालो.

म्हाताऱ्याला शब्द कळला नसावा, पण त्यानं मला हात जोडले आणि पुडी परत घेतली. घरी येताना आई माझ्यापुढं चालत होती. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होती. तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. जिवंत होती तोवर ती त्या दुकानाची पायरी पुन्हा चढली नाही, आणि चहा चांगला होता हे मी तिला सांगितलं नाही.