तिने मला पिक्चर दाखवला

माझी लहानपणची मैत्रीण आता वर्ध्याला शाळेत बाई आहे. एका उन्हाळ्यात आम्ही दोघी माहेरी आलो होतो, तेव्हा ती मला वर्ध्याला पिक्चरला घेऊन गेली. बसचं तिकीट तिने काढलं, पिक्चरचं तिने काढलं, मधल्या सुट्टीत आलुबोंडेही तिनेच आणले. एवढं प्रेम कशाला उतू चाललं आहे, हे मला पिक्चर अर्धा होईपर्यंत समजलं नाही. मग समजलं. तिला माझी माफी मागायची होती आणि ते काम तिने पिक्चरवाल्यांकडे दिलं होतं.

पिक्चर दोन मैत्रिणींचा होता. त्या कुठल्यातरी डोंगरातल्या गावात वाढतात. त्या गावात शेण नाही, माशी नाही, आणि कोणाचीच आई कामाला हाक मारत नाही. दोघी दिवसभर फुलांमधून पळतात. मग एक जण हार चोरते आणि आळ दुसरीवर घालते. चोरणारी मोठी होऊन शहरात जाते, मोटारीत फिरते, पण तिला झोप लागत नाही. इकडे आळ आलेली बाई त्याच झोपडीत, त्याच झाडाखाली बसलेली. एवढ्या वर्षांत तिने भाकर थापलेली दिसत नाही. तिला सासू नाही, निंदणाला जायचं नाही, पाणी भरायचं नाही. काम एकच, ती कधी येते आणि मी तिला कधी माफ करते. शेवटी ही आजारी पडते, ती येऊन हिला आपली किडनी देते, आणि दवाखान्यात शेजारशेजारच्या खाटांवरून दोघी एकमेकींचा हात धरून हसतात. पोटाला टाके असलेली बाई असं हसत नाही. माझं ऑपरेशन झालेलं आहे, मला माहीत आहे.

माझी मैत्रीण रुमालाने डोळे पुसत होती आणि मधून मधून मी रडते का ते तिरक्या नजरेने पाहत होती. मी आलुबोंड्याची मिरची चावत होते. डोळ्यांत पाणी तिनेच आणलं.

ही माफी कशाची, ते सांगते.

आमचं गाव सेलूजवळचं. गावात शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला सेलूला जावं लागे, म्हणजे सडकेपर्यंत पायी आणि पुढे एसटी. आम्ही दोघी एका वर्गात, एका पाटावर. दोघी मिळून सेलूला जाऊ असं आमचं ठरलेलं होतं. माझे बाबाही म्हणाले होते, सोबत असली तर पाहू.

चौथीत असतानाची भुलाबाई. आश्विनात आम्ही पोरी दिवेलागणीला टिपऱ्या घेऊन घरोघरी जायचो, भुलाबाईपुढे गाणी म्हणायचो. गाणी झाली की त्या घरची बाई खाऊचा डबा झाकून आणायची आणि हलवून दाखवायची. आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं, मग तो सगळ्यांना वाटायचा. संध्याकाळी घराबाहेर राहायची मोकळीक आम्हाला वर्षातून तेवढीच. त्या वर्षी दुर्गेच्या मंडपात व्हिडिओ आणला होता.

"चाल, थोडासाच पाहू," ती म्हणाली. "तवर गाणे होऊन जातीन."

"कोणी पाह्यलं तं?"

"कोणी नाई पाहत व. भेकड आहे तू."

भेकड तर मी होतेच, आजही आहे. आम्ही मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून बसलो. मारामारीचा पिक्चर होता, कॅसेट सारखी अडकत होती, माणसांचे चेहरे आडवे ताणले जात होते. मंडळातल्या एका पोराने तिला शेंगदाणे दिले. तिने त्यातले मूठभर मला दिले. बस, एवढंच.

घरी गेल्यावर आईने विचारलं, आज काय खाऊ होता. भुलाबाईहून आलेल्या पोरीला प्रत्येक आई हेच विचारते. आणि आम्ही दोघी इतक्या मूर्ख की वाटेत हे ठरवलंच नव्हतं. मी म्हटलं, फुटाणे. तिने तिच्या घरी सांगितलं, मुरमुऱ्याचा चिवडा. सकाळी विहिरीवर दोघींच्या आया बोलायला लागल्या, तर जिच्या घरची भुलाबाई होती तीच मागे बादली घेऊन उभी. ती म्हणाली, "माह्या घरी तं पेरू होते बाई. अन् तुमच्या पोरी आल्याच नोत्या."

आमच्या अंगणात दोघींना उभं केलं. बाबांनी विचारलं, कुठे गेलता. ती माझ्याआधी बोलली. "हिनंच नेलं मले, काका. मी नाई म्हणत होती. ही पोरांमंधी जाऊन बसली. त्या पोरानं हिले शेंगदाणे देल्ले."

चार माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही, तेव्हाही निघाला नाही. माझं गप्प राहणं म्हणजे कबुली, असं सगळ्यांनी धरलं. बाबा म्हणाले, "चौथीचे पेपर दे अन् घरी बस."

जूनमध्ये ती तिच्या चुलत बहिणीसोबत सेलूला जायला लागली. आमच्या दारावरून जाताना मान खाली घालायची. दप्तर नवं होतं.

शाळा सुटली ते मी एक वेळ गिळलं असतं. आमच्या गावात किती पोरींची सुटली. पण बाबांना त्या गोष्टीचा छंद लागला. पाहुणे आले, जावई आले, दिवाळीला घर भरलं की ते सांगणार, "हिले शाळा कुठं पायजे होती! हिले पिक्चर पायजे होता. पोरांमंधी बसून शेंगदाणे खाये." सगळे हसणार. माझा नवराही हसायचा. मी चुलीपाशी उठून जायचे. पिक्चरच्या आधीच्या दिवाळीला माझ्या पोरीने ऐकलं. ती तेव्हा सहावीत होती. सासरी परतल्यावर तिने भांडी विसळताना विचारलं, "आई, तू खरंच पोरांमंधी बसली होती?" आतून सासूबाई म्हणाल्या, "म्हणून तं म्हणते, पोरीले सातवीच्या पुढं नको. माय तशी तं पोरगी कशी राहीन?"

त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. ज्या अंगणात ते खोटं बोललं गेलं, त्याच अंगणात कोणीतरी खरं बोलावं.

तर टॉकीजच्या बाहेर रसवंतीपाशी आम्ही उभ्या होतो. तिचे डोळे लाल.

"समजलं ना तुले?" ती म्हणाली.

"समजला. किडनी देल्ली तिनं."

"तसं नाई व. मले काय म्हणाचं आहे ते."

"काय म्हणाचं आहे?"

"आता तूच समजून घे ना. किती वर्षांपासून मनात आहे माह्या. तुह्यासमोर बोलताच येत नाई मले."

रोज भरलेल्या वर्गासमोर बोलणारी बाई ही. मी म्हटलं, "मग माह्यासमोर नको बोलू. माह्या बाबासमोर बोल."

हे माझ्या तोंडून निघालं याचं मलाच नवल वाटलं. तिला तर धक्काच बसला.

"आता? म्हातारा माणूस तो. कायले जुनं उकरून काढतं? अन् आपलं तं मिटलं ना आता?"

मिटलं म्हणे! मला किडनी नको होती. एक वाक्य हवं होतं, तेही बाबांपुढे, आणि तेवढं तिच्याकडे निघेना. त्या पिक्चरमध्येही असंच होतं. आळ सगळ्या गावासमोर घातला आणि माफी दवाखान्यातल्या बंद खोलीत मागितली. गावाला कोणी जाऊन सांगितलं की हार हिने नव्हता चोरला? पिक्चर काढणाऱ्यांना ते सुचलंच नाही. सुचलं असतं तर गाणं कमी करावं लागलं असतं.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून सेलूपर्यंत झोपली. घोरतही होती.

त्याच वर्षी दिवाळीला मी पोरीला घेऊन माहेरी होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. हातात साडी आणि पेढ्यांचा डबा. साडी चांगली होती, मोरपंखी, काठाची. तिने ती माझ्या हातात ठेवायला पुढे केली.

मी दारातच म्हटलं, "साडी घरी ने. बाबा ओसरीत आहेत."

तिने साडी काखेत धरली आणि रस्त्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही परत जाते. पण ती आत गेली. तेवढं तिच्या पदरात घालते, त्याहून जास्त नाही.

बाबा खाटेवर बसून सुपारी कातरत होते. ती वाकून पाया पडली.

"ये बाई, ये. मास्तरीण झाली म्हणे तू."

"काका, एक सांगाचं होतं." तिचा आवाज पोरीसारखा बारीक झाला. "त्या भुलाबाईच्या वक्ताले... मंडपात मीच नेलं होतं हिले. शेंगदाणे मलेच देल्ले होते. ही पोरांमंधी बसलीच नोती. मी खोटं बोलली होती."

मी खांबाला धरून उभी होते. बाबांनी अडकित्ता थांबवला नाही.

"ते माहीत आहे मले," ते म्हणाले. "मंडळाच्या पोरानं दुसऱ्याच दिवशी सांगतलं होतं."

मग मीच म्हटलं, "मग शाळा काऊन सोडवली माही?"

"सेलूले रोज कोण पाठवते पोरीले? पाठवाचंच नोतं. तुही माय मांगं लागली होती, तिले काई कारण सांगाव लागे. ते भेटलं."

बैल का विकला, हे सांगावं तसं सांगितलं. सुपारीचा तुकडा तोंडात टाकला.

आणि माझ्या मैत्रिणीचा चेहरा! क्षणभर तिला काही कळलं नाही, मग डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखी ती खाटेच्या कडेला बसली. "म्हणजे माह्यानं काई झालंच नोतं," ती म्हणाली. "पाह्य ना व. मी उगाच एवढे वर्ष..." डोळे पुसून ती हसायलाही लागली. किडनी न देताच सुटली. तिने पेढ्यांचा डबा उघडला आणि पहिला पेढा बाबांना दिला. दोघांचं छान जमलं. तिला निर्दोष व्हायचं होतं आणि त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं.

"तू खोटं बोलली ते बोललीच," मी म्हटलं. ती हसायची थांबली.

मग मी बाबांकडे वळले. त्यांच्याकडे तोंड वर करून मी कधी बोलले नव्हते. लग्नाच्या वेळीही नाही. खांब मात्र सोडला नाही.

"माहीत होतं, तं एवढे वर्ष लोकायले हसवत काऊन होते तुमी?"

"गंमत व ते. तू तं मनालेच लावून घेतं."

"माह्या पोरीनं ऐकलं ते. माह्या सासूनं ऐकलं. आता तुमच्या नातीले खरं सांगा. तुमच्या तोंडानं."

"जाऊ दे ना आता, दिवाळीच्या दिवसात..."

मी पोरीला हाक मारली. ती परसातून ओले हात घेऊन आली आणि आमची तोंडं पाहून दारातच थांबली. बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. मैत्रीण पेढ्याच्या डब्याकडे पाहत होती.

"तुही माय," ते पुटपुटले, "नोती बसली पोरांमंधी."

"काय म्हणाले आबा?" पोरीने मला विचारलं.

"तिले ऐकू नाई आलं," मी म्हटलं. "मोठ्यानं सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथून हलले नाही. मग ते खाकरले आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.