पुंगोलमधला बाकाचा खटला

न्यायाला उशीर झाला म्हणून खचलेली माणसं जगात पुष्कळ सापडतील. न्याय वेळेवर मिळाला म्हणून अंथरूण धरलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांनी एकतीस वर्षं जिल्हा कोर्टात सरकारी वकिली केली. तेव्हा ते सरकारतर्फे उभे राहायचे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून जनतेतर्फे उभे राहू लागले. नाक्यावरचं उघडं गटार, लोंबकळणारी वायर, शाळेसमोरचा खड्डा, कशावरही अर्ज ठोकायचे. उत्तर अर्थातच येत नसे. मग स्मरणपत्र क्रमांक एक, दोन, तीन, आणि त्यानंतर वरच्या साहेबाकडे अपील. एकेका गटारावर त्यांची दोन-दोन वर्षं मजेत जायची. मामी गेल्या, घर खायला उठलं, म्हणून बायकोनं त्यांना तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सिंगापूरला, पुंगोलच्या वसाहतीत बोलावून घेतलं, आणि तिथंच घात झाला.

तिसऱ्या दिवशी त्यांना आमच्या मजल्यावरचा एक दिवा लुकलुकताना दिसला. मामांचा चेहरा उजळला. फुलस्केप कागद आणि कार्बन पेपर ते बरोबरच घेऊन आले होते. 'रहिवाशांच्या जीवितास व हक्कांस निर्माण झालेला धोका' असा विषय घालून त्यांनी दोन पानी अर्ज लिहिला, आणि पुढची दगदग नको म्हणून तिन्ही स्मरणपत्रंही लगेच लिहून ठेवली. मी अर्जाचा फोटो काढून वसाहतीच्या ऑफिसला पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शिडी घेऊन माणूस हजर. मामा चहाचा कप हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिले. "ओके ऑलरेडी, अंकल," असं म्हणून तो गेलासुद्धा. मामांनी स्मरणपत्रं बॅगेत ठेवली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

पुढच्या आठवड्यात लिफ्टचं बटण, खेळायच्या जागेतली उखडलेली फरशी आणि करकरणारा झोपाळा, असे तीन खटले त्यांनी गमावले, म्हणजे जिंकले. शेवटी त्यांना ताप भरला. "जावईबापू, इथली माणसं तक्रारदाराला संधीच देत नाहीत हो," असं ते कण्हत म्हणाले. माझी नऊ वर्षांची मुलगी त्यांच्या कपाळावर हात ठेवून इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, "मामाआजोबा, डोंट बी सॅड लाह, एव्हरीथिंग इज फिक्स्ड." दुखणं तेच होतं, पण तिला कोण समजावणार!

बाहेर अन्याय मिळेना म्हणून मामा घरात शोधू लागले. कुकरची शिटी, गॅलरीच्या कठड्याची उंची, माझं घोरणं, सगळ्यांवर नोटिसा निघाल्या. माझ्या नोटिशीवर साक्षीदार म्हणून बायकोची सही होती. मुलगी तर चार दिवसांत तरबेज झाली. गणिताचा गृहपाठ विचारला की म्हणायची, "मला पुढची तारीख हवी." आणि मामा ती द्यायचे. आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना न्याय मिळत होता.

अशात त्यांना अशील भेटलं. आमच्या शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक चिनी आजी एकट्या राहतात. रोज सकाळी काठी टेकत हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या मंडईत जायचं, मैत्रिणींबरोबर कॉफी प्यायची, हा त्यांचा शिरस्ता. वाटेत मध्यावर एक बाक होता, तिथं दम खायच्या. रस्ता नवा केला तेव्हा तो बाक काढला, तो परत आलाच नाही. आजी घरातच बसू लागल्या. मामांनी त्यांच्या दारात स्टूल टाकून रीतसर जबाब घेतला. आजी म्हणाल्या, "लेग पेन. नो चेअर, नो गो." मामांनी तो सहा शब्दांचा जबाब तीन पानांत उतरवला.

या वेळी मात्र आठ दिवसांनी उत्तर आलं: वाट अरुंद होईल, सायकलवाल्यांची अडचण होईल, सबब विनंती मान्य करता येत नाही. मामांनी ते दोनदा वाचलं. "फेटाळला," असं त्यांनी घरभर फिरून सांगितलं आणि बायकोला शिरा करायला लावला. दुसऱ्या दिवसापासून ते टेप घेऊन पहाटे वाट मोजायला जाऊ लागले. बाक हिरवळीच्या बाजूला घेतला तर वाट तसूभरही अरुंद होत नाही, हे त्यांनी नकाशा काढून सिद्ध केलं आणि अपील ठोकलं.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा संध्याकाळी, बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत खासदारांची माणसं लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसतात. मामांच्या विमानाआधी तीन दिवस आमची पाळी लागली. त्याच दुपारी मी जुरोंग ईस्टच्या ऑफिसात असताना मेल आला: हिरवळीच्या बाजूला बाक मंजूर. मी फोन खिशात टाकला. घरी आलो तर मामा त्या उकाड्यात काळा कोट चढवून बसलेले, शेजारी आजी फुलाफुलांचा ब्लाऊज घालून तयार. मी फोन खिशातच राहू दिला आणि आजींची काठी त्यांच्या हातात दिली.

टेबलामागे चाळिशीतली एक चष्मेवाली बाई होती. बाकीचे लोक बसून बोलत होते. मामा उभे राहिले. बाईंनी लॅपटॉपवर अर्ज उघडला, त्यावरचा मंजुरीचा शेरा वाचला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी हळूच नकारार्थी मान हलवली. देव त्या बाईंचं भलं करो, त्यांनी लॅपटॉप मिटला आणि हाताची घडी घातली. मामा वीस मिनिटं बोलले. आजींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण 'माय क्लायंट' म्हणून मामांनी त्यांच्याकडे हात केला की दर वेळी त्या थोड्या ताठ बसायच्या. शेवटी बाई म्हणाल्या, "अंकल, द बेंच विल कम." आजींनी दोन्ही हातांनी मामांची बाही धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

विमानतळाच्या वाटेवर टॅक्सीत मामा सहज म्हणाले, "मेल दुपारीच आला होता ना?"

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"अहो, समोरच्याची नजर कागदावरून उठून तिसऱ्याच माणसाकडे गेली की निकाल आधीच लागलेला असतो. एकतीस वर्षं काय मी माशा मारल्या?"

"मग मामा, वीस मिनिटं बोललात कशाला?"

मामांनी मांडीवरच्या कोटाची घडी नीट केली. "बाक मेलवर मिळाला. पण आजीबाई सुनावणीला आल्या होत्या ना. आपल्यातर्फे कुणी उभं राहून बोलतंय, हे माणसानं एकदा तरी समोर बसून बघावं. मी जन्मभर सरकारतर्फे बोललो जावईबापू. ऐकायला सरकार एकदाही आलं नाही."

एरवी त्यांच्याशी वाद घालणारा मी, त्या दिवशी विमानतळावर उतरून त्यांची बॅग उचलून चालू लागलो.

बाक पुढच्या महिन्यात आला. सकाळी ऑफिसला जाताना आजी त्यावर बसलेल्या दिसतात. मला बघून विचारतात, "लॉयर?" मी म्हणतो, "इंडिया." त्या मान डोलावतात. बाकावर दोघांची जागा आहे, पण आपली पिशवी त्या अजून मांडीवरच ठेवतात, शेजारची जागा मोकळी सोडून.