शुक्रवारचा बाप्तिस्मा

त्या वर्षी माझं प्रार्थनेत मन लागत नव्हतं, आणि हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोणाला? आमच्या लूथरन मंडळीत सगळी मिळून चौदा घरं, आणि त्या चौदाही घरांना वाटायचं की सगळ्यांत पक्क्या विश्वासाची बाई मीच. रविवारी साडेनवाला घंटा मी वाजवायची. पाळकसाहेब गोंदियाहून महिन्यातून दोनदाच, दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, सकाळच्या पॅसेंजरनं यायचे. उरलेल्या रविवारी उपासनेचा क्रम मीच वाचायची. बुधवारी कोणाच्या तरी ओसरीत प्रार्थना, शुक्रवारी दुपारी महिला मंडळ, शनिवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा, प्रश्नोत्तरीचा वर्ग. आठवडा असा भरलेला असायचा. ओठ म्हणत राहायचे, हात काम करत राहायचे, आणि आत मात्र सगळं कोरडं.

त्या कोरडेपणाचं मूळ जुनं होतं. एकतीस वर्षांपूर्वी मला पहिली मुलगी झाली, आणि ती दोन तासच जगली. तेव्हाचे पाळक सायकलनं यायचे. निरोप गेला, पण ते पोहोचले दुसऱ्या दिवशी. मुलगी बाप्तिस्म्यावाचूनच गेली; देवानं तिला आपलं म्हटलं असेल का? आमच्यात जीव धोक्यात असेल तर पाळकाची वाट बघायची नसते, कोणीही विश्वासणारा पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतो. हे मला लहानपणापासून पाठ होतं. पाण्याचा गडवा खाटेजवळच होता. पण मी बाळंतीण, अंगावर धड कपडा नाही, डोकं सुन्न झालेलं. मी नुसती बघत राहिले. सासूबाई नंतर एकदाच बोलल्या, "तू काऊन नाही घातलं पानी?" त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी मात्र स्वतःला रोज विचारत राहिले. पुढं तीन पाळक बदलले. तिघांनीही समजावलं की देवाची कृपा तेवढ्यावर अडत नाही. मी मान हलवायची आणि घरी येऊन तोच प्रश्न पुन्हा काढून बसायची. पुढं दोन मुलगे झाले, मोठे झाले, कामाला लागले, तरी तो प्रश्न काही गेला नाही.

आमचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, दरेकसा स्टेशनपासून जवळच, सालेकस्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. चर्च म्हणजे कौलांची एक लांब खोली आणि पुढं मोहाचं मोठं झाड. मी सांगते तो शुक्रवार कापणीच्या सणाच्या आधीचा. रविवारी पाळकसाहेब येणार होते. प्रत्येक घरातून नव्या धानाची टोपली यायची होती आणि आम्ही सात-आठ जणी चर्चमध्ये सतरंजीवर बसून धानाच्या लोंब्यांची तोरणं बांधत होतो. गाणी चालली होती, मध्येच थट्टा. मार्थाकाकूंची सून रूथ आठव्या महिन्यात होती. तिचा नवरा दानिएल तिरोड्याला वीज प्रकल्पात ठेक्यावर कामाला, पंधरा दिवसांनी घरी यायचा. तिला सगळ्यांनी घरी आराम कर म्हणून सांगितलं होतं, पण घरी एकटीला करमत नाही म्हणत ती भिंतीला टेकून दोरे कापून देत बसली होती.

एकदम तिच्या हातातून कात्री पडली. मार्थाकाकू ओरडल्या, "माय वो! पानी गेलं इचं!"

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. कळा एकामागून एक यायला लागल्या. आमच्याकडं फोनला रेंज मिळते ती फक्त स्टेशनच्या फलाटावर, म्हणून आमच्यातली एस्तेर चप्पल न घालताच तिकडं पळाली. धापा टाकत परत आली ती हे सांगत, की रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेली आहे, यायला तासभर तरी लागेल. तासभर! रूथनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी फुटून रुतली. आमच्यातल्या जवळपास सगळ्या जणी लेकुरवाळ्या, पण बाळंतपण केलेलं असं कोणीच नव्हतं. मी डोळे मिटले आणि प्रार्थना करायला गेले, तर शब्दच येईनात. फक्त 'येशू, येशू' एवढंच तोंडातून निघत होतं.

तेवढ्यात दारात एक बाई उभी दिसली. साठी उलटलेली, हातात पिशवी, नाकावर घसरलेला चष्मा. "पेयाले पानी भेटन का जी?" तिनं विचारलं. "गाडीत झोप लागली, न् सालेकसा मांगंच राह्यलं. आता रस्त्यावरून ऑटो भेटते म्हणाले." मी तांब्या उचलला आणि तिच्याकडं वळले, तोच रूथ किंचाळली. बाईनं मान वाकडी करून आत पाहिलं. "कोन आहे? कायले वरडून राह्यली?" आणि उत्तराची वाट न बघता तिनं पिशवी खाली टाकली. "सरका. मी केशोरीच्या दवाखान्यात नर्स होती. गंज बाळंतपणं केली मी, मोजलीही नाही. साबण कुठं आहे?"

पाणी प्यायचं ती विसरूनच गेली. तिनं कोपरापर्यंत हात धुतले आणि एकेकीला कामाला लावलं. एकीनं चुलीवर पाणी ठेवलं, एकीनं मागच्या दुकानातून नवं ब्लेड आणलं, दोघींनी लुगडं धरून आडोसा केला. तोरणांसाठी आणलेला पांढरा दोरा उकळत्या पाण्यात पडला. "घाबरू नोको पोरी, मी हावो न," ती रूथला म्हणत होती, आणि त्या आवाजानं आम्हा सगळ्यांचे हातपाय थाऱ्यावर आले. अर्ध्या तासात बाळ बाहेर आलं. मुलगी.

पण ती रडली नाही.

तिचा रंग जांभळट होता, अंग सैल. बाईनं तिचं तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. काही नाही. मग तिनं इवल्याशा तोंडावर तोंड ठेवून हलकेच फुंकलं. बाईनं वर न बघताच मला म्हटलं, "ताई, तुमच्या देवाचं काही करा लागत असन तं करून घ्या. मी माह्यं काम सोडत नाही."

मी जागीच थिजले. एकतीस वर्षांपूर्वीसारखीच. बाप्तिस्म्याचं पितळी भांडं कपाटात, कपाटाला कुलूप. डोक्यावर पदर नाही, हात धानाच्या भुशानं माखलेले. आणि मन? त्या मनात विश्वास आहे की नाही हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. अशा बाईनं काय पाणी घालायचं? तेवढ्यात रूथनं सतरंजीवरून मान उचलली. घामानं निथळत ती ओरडली, "मावशी, पानी घाला! कोनाची वाट नका पाहू!"

"नाव काय?" माझ्या तोंडून निघालं.

"हन्ना! माह्या आजीचं!"

त्या पाहुण्या बाईसाठी उचललेला तांब्या माझ्या शेजारीच होता. मी गुडघ्यावर बसले, ओंजळीत पाणी घेतलं आणि त्या चिमुकल्या कपाळावर घातलं. "हन्ना, मी तुला पित्याच्या," पहिल्यांदा. "आणि पुत्राच्या," दुसऱ्यांदा. बाई मध्येच फुंकत होती, चोळत होती; आमच्या दोघींची डोकी एकमेकींना लागत होती. "आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." तिसरं पाणी कपाळावरून ओघळून कानात गेलं, आणि त्या एवढ्याशा छातीत काहीतरी हललं. मग उचकीसारखा एक आवाज. मग एक बारीक, चिडलेलं रडणं, आणि मग असा टाहो की बाहेरच्या मोहावरचे पोपट उडाले.

"चालू झाली!" बाई हसत ओरडली. "चालू झाली वो माय!"

कोणाच्या हातानं काय झालं, हे मी कधी शोधत बसले नाही. तिचे हात होते, माझे हात होते, आणि ज्यानं दोघींना तिथं एकत्र बसवलं होतं तो होता. मला एवढंच सांगता येतं की मी त्या क्षणी धावत बाहेर गेले आणि घंटेचा दोर धरला. शुक्रवारी दुपारी तीन वाजता घंटा! आयुष्यात कधी वाजली नव्हती. मी वाजवतच राहिले. कापणी सोडून माणसं हातात विळे घेऊन बांधाबांधानं पळत आली, आमच्या मंडळीतली आणि शेजारचे पोवार, गोंड, सगळेच.

"आग लागली का जी?" एका शेतकऱ्यानं लांबूनच विचारलं.

"नाही जी, पोरगी झाली!" मी ओरडले. "चर्चमध्ये पोरगी झाली!"

तो डोक्याला हात लावून हसायला लागला, आणि त्याचं हसू बघून सगळेच.

रुग्णवाहिका आली तेव्हा बाईनं नाळेचा दोरा पुन्हा एकदा तपासला, बाळ रूथच्या छातीशी नीट गुंडाळून दिलं आणि स्वतःही पिशवी घेऊन गाडीत चढली. रूथला सालेकस्याच्या दवाखान्यात नेणार होते. "मले तं तिथंच जायचं होतं, लेकीकडं," ती दारातून म्हणाली. "ऑटोचंही काम नाही पडलं!" गाडी निघाली तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की मी तिचं नावही विचारलं नाही, आणि पाणी तर तिला दिलंच नाही.

तिचं नाव कुंदाबाई. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा कळलं. तीही हन्नाला बघायला आली होती. तिरोड्याहून आलेला दानिएल तिच्या पायाशी वाकला, तर तिनं त्याला खांद्याला धरून उभं केलं. "माह्या पाया नोको पडू. बायकोले दूध पाज," ती म्हणाली.

रविवारी कापणीचा सण झाला. तोरणं अर्धीच बांधून झाली होती, तशीच लावली. लोक नुसते त्या शुक्रवारचंच बोलत होते. माझ्या मनात मात्र एक भीती शिरली होती. मी घाईत प्रार्थना केली नव्हती, विश्वासांगीकार म्हटला नव्हता, भांडंसुद्धा घेतलं नव्हतं. मी केलं ते खरं धरलं जाईल का? पाळकसाहेब माझ्या मोठ्या मुलाच्या वयाचे. उपासनेनंतर मी त्यांना मोहाखाली गाठून सगळं सांगितलं, या हन्नाचं आणि माझ्या त्या बिननावाच्या मुलीचंही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चौथ्या रविवारी लेकराला चर्चमध्ये आणू द्या. मी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारीन. जे झालं ते सांगा, बस."

चौथ्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुंदाबाई लेकीला घेऊन मागच्या बाकावर बसली होती. रूथ आणि दानिएल बाळाला घेऊन पुढं आले, आणि मलाही बोलावलं.

"या लेकराला बाप्तिस्मा कोणी दिला?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मी दिला."

"कशानं?"

"पाण्यानं," मी म्हटलं, आणि खरं सांगायचं म्हणून पुढं जोडलं, "कुंदाबाईंना प्यायला द्यायला उचललेल्या तांब्यातल्या." मागून हशा उठला. कुंदाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली.

"कोणत्या शब्दांनी?"

मी ते शब्द म्हटले. माझा आवाज चर्चच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोहोचला.

पाळकसाहेबांनी हन्नाच्या डोक्यावर हात ठेवला. "मग हा बाप्तिस्मा पूर्ण आहे. यात मी काही भर घालणार नाही, आणि यातून कोणी काही काढू शकणार नाही." मग ते माझ्याकडं वळले आणि फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "मावशी, तेव्हा तुमचे हात अडले होते. देवाचेही अडले असतील, हे तुम्ही कशावरून ठरवलं?"

मी तिथंच, सगळ्यांसमोर, ओक्साबोक्शी रडले. किती वर्षांचं साठलं होतं कोण जाणे. रूथनं बाळ माझ्याकडं दिलं. ते अंगठा चोखत होतं. त्यानं काही मागितलं नव्हतं, काही केलं नव्हतं, त्याला काही कळतही नव्हतं, आणि सगळं त्याला मिळालं होतं. त्या शुक्रवारी माझ्यापाशी तरी काय होतं? विश्वास म्हणावा तर तोही मी चाचपडत होते. तरी पाणी माझ्याच हातून पडलं. आणि जी माझ्या हातून घेऊ शकली नाही, ती माझी लेक, तिलाही देणारा तोच होता, मी नव्हते. मी मात्र इतकी वर्षं स्वतःलाच दार समजून बसले होते.

या पाळकसाहेबांच्या आधीचे तिघं मला जे समजावून गेले, त्याहून वेगळं काही यात नव्हतं. पण त्या दिवशी मला ऐकू आलं, एवढं खरं. त्यासाठी मी देवाचे आभार मानते, आणि गाडीत डुलकी लागलेल्या त्या केशोरीच्या बाईचेही. माझं काम अजून तेच आहे, रविवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. कधी मन लागतं, कधी लागत नाही. पण आता मन लागलं नाही तरी मी घाबरत नाही. देवाचं काम माझ्यामुळं अडत नाही, हे कळायला मला एकतीस वर्षं लागली. आणि कळलं तेव्हापासून त्याच्या कामाला चालत जायचं सोडून मी या वयात पळत जाते.