माझ्या पिकअपची कंबर

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. मंगरूळपीरला रज्जाकभाईच्या गॅरेजात बाकड्यावर बसून गाडीची वाट पाहिली, की ते आपोआप साचतात. ज्याची गाडी जास्त उभी, त्याचे किस्से जास्त. या हिशेबानं त्या बाकड्यावरचा सगळ्यात श्रीमंत माणूस मीच! लोक ऐकून पोट धरून हसतात. मी पण हसतो.

माझा जुना डिझेल पिकअप आहे. फोर-व्हील, म्हणजे वेळ पडली तर चारही चाकं ओढतात. कामरगावच्या आसपासच्या मळ्यांतून संत्र्याचे कॅरेट भरायचे आणि कारंज्याच्या मंडीत हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू व्हायच्या आत पोचवायचे, हा माझा धंदा. आधीच्या मालकानं हौसेनं बोलका रिव्हर्स हॉर्न बसवलेला. रिव्हर्स गिअर टाकला की आतली बाई ओरडते, "कृपया ध्यान दीजिये, गाडी पीछे आ रही है!" या गाडीतलं सगळं कधी ना कधी बंद पडलं. ही बाई काही बंद पडली नाही.

* * *

यंदा गाडी मळ्यातून वर चढेना. काळी माती, नाल्याचा चढ, मागं भरलेले कॅरेट. इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागेवर!

रज्जाकभाई खाली सरपटत गेले, बाहेर आले आणि हात पुसत म्हणाले, "पिरकाश, इंजिन तुहं जवान हाय. कंबर गेली!"

कंबर म्हणजे मागचा अ‍ॅक्सल. त्याच्या मधोमध दात्यांची दोन चाकं असतात, एक मोठं, एक लहान. त्यांच्या दात्यांचं प्रमाण म्हणजे रेशो. तो वाढवला की ओढ वाढते, पण पळणं कमी होतं. रज्जाकभाईंनी मला ओढ तेवढी सांगितली. "मोठ्या गाडीचा अ‍ॅक्सल टाकू. भिंत ओढीन, भिंत!"

घरी सांगितलं तर वर्षा, माझी बायको, शिलाई मशीन थांबवून म्हणाली, "दादानं चाकणच्या कंपनीत तुमच्यासाठी डायवरची जागा धरून ठेवली हाय. गाडी चालली तं आपून इथंच. नाई चालली तं सामान बांधू."

गाव सोडायचं तिच्याही जिवावर आलेलं. म्हणून ती आवाज न चढवता बोलली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

* * *

अ‍ॅक्सल भंगारवाल्याकडे मिळाला. पण त्याचा रेशो कोणाला ठाऊक? त्यावरची पट्टी केव्हाच गंजून गेलेली.

मोजायची रीत सोपी आहे. एका बाजूचं चाक घट्ट धरायचं, दुसरं फिरवायचं आणि मधला दांडा किती फेरे घेतो ते पाहायचं. दांड्यावर खडूची खूण करायची, म्हणजे चूक होत नाही. आमच्याकडे खडू होता. चाक धरायला मात्र कोणी तयार होईना, कारण प्रत्येकाला मोजायचंच होतं! रज्जाकभाईंनी मोजलं, ते एक आलं. वेल्डिंगवाल्या सुधाकरचं दुसरंच आलं. माझं तिसरं. तोवर धरायचं चाकही मोकळं फिरत होतं.

शेवटी मी भंगारवाल्याला विचारलं, "तुमीच सांगा, रेशो किती हाय याचा?"

त्यानं आमच्या तिघांच्या तोंडाकडं पाहिलं. म्हणाला, "तुमाले जेवढा पायजे, तेवढा हाय!"

घेतला. माझा मूळ अ‍ॅक्सल बदल्यात तिथंच ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं तो कापून वितळवायला पाठवला, हे मागाहून कळलं.

* * *

पण ओढ खरंच आली! शेवंताबाईच्या मळ्यातून गाडी अशी वर चढली की मीच घाबरलो. शेवंताबाई म्हणजे मंगरूळच्या वाटेवर थोडीशी संत्र्याची झाडं सांभाळणारी एकटी बाई. तिचा माल थोडा, त्यामुळे मोठ्या गाड्या तिच्यापाशी थांबत नाहीत. मी थांबतो. ती मालासोबत केबिनमध्ये बसून मंडीत येते आणि वाटभर मला संत्री सोलून देते.

त्या दिवशी वर्षा पण सोबत होती. तिला कारंज्याहून अस्तराचं कापड आणायचं होतं. डांबरी रस्त्याला लागलो आणि इंजिन किंचाळायला लागलं. मीटरचा काटा ऐंशीवर!

वर्षानं दाराची कडी पकडली. "कायले एवढी पळवता? लेकरं हायेत घरी!"

एवढ्यात मागून मोपेडचा आवाज आला. गावचे निवृत्त गुरुजी. मागच्या सीटवर गव्हाच्या दळणाचा डबा. ते सावकाश आमच्या बरोबरीला आले, काचेतून आत पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "काहून रे, बिघडली काय?"

आणि निघून गेले पुढं!

काटा गिअरबॉक्सवर चालतो, चाकांवर नाही. त्याला बिचाऱ्याला मागं अ‍ॅक्सल बदलल्याचा पत्ताच नव्हता. आम्ही पोचलो तेव्हा हर्रास संपली होती. शेवंताबाईचा माल ज्यूसवाल्यानं पडेल भावात उचलला. परतताना तिनं एकही संत्रं सोललं नाही.

* * *

त्यानंतर पाऊस झाला आणि गाडी गाळात रुतली. आपल्याकडे फोर-व्हील आहे म्हणून मी छाती काढून खटका ओढला. गाळातून निघालो खरा, पण खटका तसाच ठेवून रस्त्यावर आलो, आणि खालून आवाज आला. असा आवाज मी फक्त लग्नात, वरातीत ऐकलेला.

मागचा अ‍ॅक्सल नव्या रेशोचा, पुढचा जुन्याच. एका इंजिनाला बांधलेले दोन अ‍ॅक्सल, दोघांची चाल वेगळी! पुढचा म्हणे अकोल्याले चाल, मागचा म्हणे यवतमाळले.

रज्जाकभाईंना फोन लावला. ते उलट माझ्यावरच चढले, "फोर-व्हील टाकलंच कायले तू?"

"अहो, फोर-व्हील टाकायले तं घेतली ही गाडी!"

"मंग आता दोन-व्हीलच समज."

त्यांनी पुढची चाकं फिरवणारा दांडा काढून माझ्या हातात दिला. वर्षानं तो अंगणात नेऊन त्याला बकरी बांधली. बकरीनं ओढून पाहिलं, दांडा हलला नाही. वर्षा म्हणाली, "चला, गाडीचं काहीतरी कामाले आलं!"

हसलो आम्ही. पण मोठ्या बागायतदारांनी तोवर माल दुसऱ्या गाड्यांत टाकायला सुरुवात केली होती. सकाळी माझा फोन वाजत नव्हता. मोबाइल बिघडला असेल म्हणून मी वर्षाच्या फोनवरून स्वतःलाच मिसकॉल देऊन पाहिला. वाजला!

* * *

शेवटचा उपाय म्हणून रज्जाकभाईंनी पुढच्या अ‍ॅक्सलला जुळणारा तिसरा अ‍ॅक्सल शोधला. वेगळ्या कंपनीचा होता, पण या वेळी चाक धरून नीट मोजला. स्प्रिंगचे पाटे ज्यावर बसतात त्या लोखंडी बैठका मात्र त्याच्यावर आमच्या मापाच्या नव्हत्या. सुधाकरनं जुन्या कापल्या, नव्या लावल्या. वेल्डिंग असं देखणं की हात फिरवावासा वाटे.

गाडी संध्याकाळी मिळणार होती, मिळाली दुसऱ्या दिवशी सकाळी. वर्षा माझ्यासोबत गॅरेजवर आलेली, कारण तिच्या दादाला कंपनीत आजच उत्तर द्यायचं होतं. आणि शेवंताबाई मंगरूळच्या प्रवासी जीपमध्ये कॅरेट टाकून थेट गॅरेजवर हजर! तिला दुसरी गाडी मिळाली नव्हती. मला दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

ऑइल भरताना रज्जाकभाई जरा थबकले. ऑइल काढायचा नट नेहमी खाली असतो. तो वर होता.

सुधाकर म्हणाला, "कंपनीनं डोकं लावलं, भाई. वरतून टाकायले सोपं!"

"हां, ये बात सही हाय," असं म्हणून त्यांनी ऑइल ओतलं.

कॅरेट चढवले. शेवंताबाई आणि वर्षा केबिनमध्ये बसल्या. सुधाकरनं "जय भीम" म्हणून बोनेटवर थाप मारली. मी पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडी सरळ मागं जाऊन बाकड्यावर आदळली. हॉर्नमधली बाई गप्प, म्हणून कोणी सावधही झालं नाही. बाकड्यावर नेमकं कोणी बसलेलं नव्हतं, हे नशीब.

"पिरकाश, रिव्हर्स पडला!"

रिव्हर्स नव्हता पडला. पुन्हा पहिला टाकला, पुन्हा मागं. दुसरा टाकला, अजून जोरात मागं! मग रिव्हर्स टाकला. हॉर्नमधली बाई ओरडली आणि गाडी पुढं सरकली.

रज्जाकभाई मटकन खाली बसले. सुधाकर आपल्या देखण्या वेल्डिंगकडे पाहत राहिला. बैठका चुकीच्या अंगाला लावल्या होत्या, अख्खा अ‍ॅक्सल उताणा बसला होता, म्हणून चाकं उलटी फिरत होती. पाच गिअर मागं जायला, एक पुढं जायला!

"दोन दिस दे," सुधाकर पुटपुटला.

हर्रास दुपारी होती. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायचं भानही राहिलं नाही. चाकणला जाऊ, कंपनीच्या नव्या गाड्या चालवू, असं मनात म्हणून टाकलं.

शेवंताबाईनं पदराला हात पुसले आणि एक संत्रं सोलायला घेतलं.

"एक तं पुढं जाते नं?"

"एकच जाते, मावशी. तोही रिव्हर्सचा. बैलगाडीसारखे जाऊ."

"मंग टाक तो अन् चाल. आज लवकर निघालो आपून."

मी रिव्हर्स टाकला. गाडी गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडली, कारंज्याच्या रस्त्याला लागली. वरच्या आवाजात बाई अखंड ओरडत होती, "कृपया ध्यान दीजिये, गाडी पीछे आ रही है!" समोरून येणारे थांबून पाहत होते.

वर्षाचा फोन वाजला. तिनं स्पीकरवर टाकला. दादा घाईत होता. "साहेब समोर हाय. भाऊजी येऊन राह्यले का नाई, लवकर सांग. अन् हा आवाज कायचा? गाडी मागं घेऊन राह्यले काय?"

वर्षानं माझ्याकडं पाहिलं. शेवंताबाईनं सोललेलं संत्रं तिनं अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः घेतलं.

"नाई दादा," ती म्हणाली, "पुढं चाललो."